विहिरीची गोष्ट

अरविंदच्या पापण्यांवर पिवळसर चरबीच्या गाठी होत्या, कोपरांवर त्याहून मोठ्या. लग्नानंतर सुरुवातीला वैशालीला त्यांना हात लावायचीही किळस यायची. "आमच्यात असत्यात अशा," एवढंच सासूबाई, केशरबाई, म्हणायच्या.

अरविंद सडपातळ, भातावर तूपही न घेणारा. बेलापूरच्या ऑफिसात जिना चढताना छातीत कळ आली, तेव्हा सगळ्यांनी ॲसिडिटीच धरली. वाशीच्या डॉक्टरांनी मात्र गाठी बघितल्या आणि रक्त तपासायला लावलं. कोलेस्टेरॉल चारशेच्या वर. अँजिओग्राफीत हृदयाच्या तिन्ही रक्तवाहिन्या जवळजवळ बंद. वय चौतीस.

"हे नुसत्या खाण्यानं होत नाही," डॉक्टर म्हणाले. "जन्मापासूनच रक्तात जास्त चरबी असणार. घरात लहान वयात हार्टनं कुणी गेलंय?"

"न्हाय वो," केशरबाई लगेच म्हणाल्या. "ह्याचं वडील हिरीत पडून गेलं."

बायपास झाली. आयसीयूबाहेरच्या बाकावर केशरबाईंचा बांध फुटला. "बापाचीच गत व्हायची हुती गं. त्योबी असाच छाती धरून पडला. माझा धाकटा दीर तर तिशीतच गेला."

वैशाली त्यांच्याकडे वळली. "मग विहीर?"

"खरं सांगितलं असतं तर तुझ्या बापानं पोरगी दिली असती व्हय?"

 सासूचा हात वैशालीच्या गुडघ्यावर होता. तिनं पाय आखडून घेतले.

"माझ्या जाईचंही रक्त तपासायला हवं," ती म्हणाली.

"येडी झालीस? पोरीची जात. सोसायटीत कळलं तर उद्या कोण करून घेईल तिला?"

"आत तुमच्या मुलाची छाती फाडलीय, आई. आणि तुम्ही अजून स्थळंच बघताय?"

सात वर्षांच्या जाईचं कोलेस्टेरॉलही वाढलेलंच निघालं. "वेळेत कळलं," डॉक्टर म्हणाले. "आता तिला सांभाळता येईल."

अरविंद घरी आल्यावर वैशालीनं त्याला सगळं सांगितलं.  तो म्हणाला, "राजेश्वरीला फोन लाव. तिलाही दोन मुलं आहेत."

वैशालीनं साताऱ्याला नणंदेचा नंबर फिरवला. केशरबाई धावत आल्या आणि त्यांनी फोनच दाबून धरला. "तिच्या सासरी कळंल! नांदवायची न्हाईत तिला!"

अंगावर चढलेली पाल झटकावी तसा वैशालीनं तो हात झटकला आणि नंबर पुन्हा फिरवला.

"राजेश्वरीताई, वैशाली बोलतेय. बसून ऐका. तुमचे बाबा विहिरीत पडून गेले नव्हते."