बिनसाखरेची नऊ वर्षं

चष्मेवाल्यांना सगळी गल्ली चष्मेवाले म्हणूनच ओळखायची. माणूस सरळ, पण चहाच्या बाबतीत हट्टी. "आपला चहा कडक, दोन चमचे साखर, दूध नावाला," असं ते आपल्या चष्म्याच्या दुकानात येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवत. डॉक्टरांनी साखर वाढल्याचं सांगितलं तेव्हाही त्यांनी घरी येऊन बजावलं होतं, "जेवण कमी करीन, पण माझ्या चहाला कुणी हात लावायचा नाही." बायको "बरं" म्हणाली होती, आणि विषय तिथेच संपला होता.

लेकीचं बाळंतपण आलं आणि बायको दोन महिन्यांसाठी तिच्याकडे गेली. चहाचं काम सुनेकडे आलं.

"बाबा, साखर किती?" पहिल्याच सकाळी तिनं विचारलं.

"दोन चमचे. आणि कडक हवा."

एक घोट घेतला आणि चष्मेवाल्यांचं तोंड वाकडं झालं. "अगं, हा चहा आहे की पाक?"

दुसऱ्या दिवशी सुनेनं एकच चमचा घातला. तरी गोडमिट्ट. तिसऱ्या दिवशी पावडर कमी केली, चौथ्या दिवशी भांडं बदललं. पाचव्या दिवशी चष्मेवाले बोलून गेले, "राहू दे गं, तुला काही जमायचं नाही." सुनेनं कप उचलताना बशी जरा जास्तच वाजली.

तो आवाज दिवसभर त्यांच्या डोक्यात राहिला. संध्याकाळी त्यांनी बायकोला फोन लावला. "साखर नक्की किती घालायचीस तू?"

पलीकडे ती हसायलाच लागली. "नऊ वर्षं झाली, तुमच्या चहात साखर नाही."

"काहीतरीच! माझ्यासमोर ढवळायचीस की!"

"नुसता चमचा फिरवायचे. डॉक्टरांकडून आलात त्या आठवड्यापासून थोडी थोडी कमी करत गेले. तुम्हाला पत्ताच नाही. आणि पित्त व्हायला लागल्यापासून निम्मं दूध असतं त्यात."

चष्मेवाल्यांनी फोन ठेवला. राग यावा की आभार मानावेत, काही कळेना. नऊ वर्षं ते ज्या चहाची फुशारकी मारत होते, तो चहा त्यांनी प्यायलाच नव्हता. आणि जो प्यायला, तो तर मिटक्या मारत प्यायला!

दुसऱ्या दिवशी दुकानात एका आजींचे डोळे तपासताना त्यांनी नेहमीप्रमाणे काच बदलून विचारलं, "आता बरं दिसतं की मघाशी?"

"तुम्हीच सांगा बाई कुठलं बरं," आजी म्हणाल्या. "मला मेलं दोन्ही सारखंच."

एरवी ते वैतागले असते. त्या दिवशी मात्र काच हातात धरून नुसते स्टुलावर बसून राहिले. "होतं असं," एवढंच म्हणाले.

घरी आल्यावर त्यांनी सुनेला सगळं सांगितलं. "चूक तुझी नव्हती गं. माझंच मला ठाऊक नव्हतं."

सून आधी थक्क झाली, मग तिला हसू आवरेना. "मग आता कसा करू?"

"तेच तर कळत नाही!"

"बरं, आईंना कसा आवडतो? तसा करून बघू."

छत्तीस वर्षं रोज सकाळी बायको चष्मेवाल्यांच्या समोर कप घेऊन बसत होती. त्या कपात काय असायचं? ते आठवू लागले, तर कपावरची निळी रेघ तेवढी आठवली.

पुन्हा फोन. "अगं, तू चहा कसा घेतेस?"

"मी? मी चहा पीतच नाही. कपात गरम पाणी असतं."

"कधीपासून?"

"पहिल्यापासून. मला वासच सहन होत नाही त्याचा."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही विचारलं कुठे?" ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. मागे बाळ रडत होतं, तिनं घाईघाईनं फोन ठेवला.

सून बघत होती. "काय म्हणाल्या?"

त्यांनी सांगितलं.

सकाळी ते सुनेच्या आधी उठले आणि स्वतःच गॅसपाशी उभे राहिले. निम्मं दूध, साखर नाही. कप घेऊन टेबलाशी बसले, एक घोट घेतला, थांबले, आणखी एक घेतला.

"जमला का, बाबा?" सुनेनं दारातून विचारलं.

"जमला असावा," चष्मेवाले म्हणाले. "पण मला आवडला का, ते काही सांगता येत नाही बुवा."