तुळशीतली दुसरी अर्थिंग

मी बोलतोय. म्हणजे बोलायला जातो, पण आधी 'घुंऽऽ' बाहेर पडतं, त्याबद्दल माफी.

मी घरी बनवलेला व्हॉल्व्हचा प्रीअँप. बारीक आवाज घ्यायचा आणि मोठा करून पुढे धाडायचा, एवढंच माझं काम. कळंब्याच्या क्रांतीनं मला लाडवांच्या स्टीलच्या डब्यात जन्म दिला. काचेचे व्हॉल्व्ह शाहूपुरीतून आणलेल्या एका मोडक्या रेडिओतले.

तिला एकच कॅसेट ऐकायची होती. तिचे वडील केरबा गेल्या वर्षी वारले. आवाज तेवढा त्या कॅसेटवर उरलेला. सहा महिन्यांच्या लेकीला, मोनाला, तिचे आजोबा ऐकवायचे होते. पण माझ्या 'घुंऽऽ'खाली आजोबा पार बुडाले.

क्रांतीनं माझ्या तारांना वेणीसारखा पीळ घातला. ट्रान्सफॉर्मर वीतभर लांब सारला. थोडी घरघर राहिलीच. "माझंच काहीतरी चुकलं असणार," ती म्हणाली. मोनाला शिंक आली तरी ती हेच म्हणते आणि दुसरा स्वेटर चढवते. तशीच मलाही तिनं दुसरी अर्थिंग चढवली. तार खिडकीतून थेट अंगणातल्या तुळशीच्या मातीत.

झालं! सासूबाई अंबूबाईंनी सकाळी तुळशीला तांब्याभर पाणी घातलं आणि मी हंबरायला लागलो.

"तुळस बोलाय लागली!" अंबूबाईंनी गल्ली गोळा केली. बायका मला हळदकुंकू लावून गेल्या. निम्मं आत सांडलं.

शेजारच्या राजमतीकाकू म्हणाल्या, "म्हशीवानी बोलती की ओ."

"तुमास्नी काय कळतंय? ओंकार हाय त्यो!"

रविवारी तुळशीला पाणी घालत नाहीत. त्या दिवशी माती कोरडी आणि मी बराच शांत. क्रांतीनं दोन रविवार कान लावला आणि कपाळाला हात मारला. प्लगमधली एक अर्थिंग पुरेशी होती. दोन झाल्यावर वीज दोन्हींच्या मधे फेऱ्या मारत बसली होती. तिनं तुळशीतली तार काढली.

"तुळशीची जीभ तोडलीस व्हय गं?" अंबूबाई धावत आल्या.

क्रांतीनं कॅसेट लावली. मी श्वास रोखला. घरघर नावापुरती. मग खणखणीत आवाज आला:

"चिमणाबाई! सर की मागं! बादलीत पाय देतीस व्हय?"

चिमणाबाई ही केरबांची म्हैस. पण व्याह्यांचा आवाज ऐकताच अंबूबाईंनी झटकन डोक्यावर पदर घेतला आणि दोन पावलं मागं सरल्या.

"इवाई आल्यात," त्या कुजबुजल्या. "बघतीस काय? च्या ठेव की!"

क्रांती रडता रडता हसली आणि खरंच चहा टाकायला गेली. मोना डब्याकडे बघून हात नाचवत होती.

आता रोज दुपारी केरबा म्हशीला ओरडतात आणि त्यांच्या वाटणीचा कप माझ्यासमोर येतो. विनंती एकच. चहा शेजारी ठेवा, माझ्या डोक्यावर नको; सांडला तर पुन्हा हंबरेन. मोठ्या मुश्किलीनं गप्प बसायला शिकलोय.