लांबूनच वाच

जमुना तारापूरच्या एका कंपनीत खोकी भरायची. तिथला कायदा एकच. खोक्यावर डाग दिसला की खोका बाद, वर मुकादमाची चार माणसांत बोलणी. म्हणून शाळेतून लेकीच्या, सपनाच्या हाती गोष्टीचं नवंकोरं पुस्तक आलं, तेव्हा जमुनानं ते आधी पिशवीत घालून कपाटावर ठेवलं. परत द्यायचं होतं ना ते!

वर्गाच्या स्वातीबाईंनी बजावलं होतं, "पोरगी दुसरीत गेली तरी अडखळते. रोज घरी वाचून घ्या." मग काय, जमुनानं ते इतकं मनावर घेतलं की विचारू नका. कुंभवलीच्या खोलीवर आली की चहासुद्धा नंतर. आधी साबणानं हात धुवायचे, कपाटावरची पिशवी उतरवायची आणि पुस्तक स्वतःच धरून बसायचं. सपना समोर, हातभर अंतरावर.

"हात नको लावू. लांबूनच वाच."

आणि सपना वाचायची, तेही घडाघडा! हत्ती आला, हत्तीनं केळी खाल्ली, हत्ती नदीवर गेला. जमुनाला कुठं अक्षर कळत होतं? तिला वाटे, चला, पोर मार्गाला लागली. माझ्यासारखी दिवसभर खोकी भरत उभी राहणार नाय. नुसत्या त्या विचारानं तिला बरं वाटायचं.

एका रविवारी स्वातीबाई घरी आल्या आणि त्यांनी पुस्तक बघायला मागितलं. सपना आमटीभात खाऊन नुकतीच उठली होती.

"अगंबाई, पुस्तक अगदी जसंच्या तसं!"

"डाग पडू दिला नाय बाई, एक पन नाय," जमुना फुलून म्हणाली.

"सपना, ये बघू. बोट ठेवून वाच."

सपनानं दोन्ही हात पाठीमागे नेले. मान लांब करून चित्राकडं पाहिलं आणि सुरू केलं, "हत्ती आला..." बाईंनी चित्रावर तळहात ठेवला. पोर बाईंच्या बोटांच्या फटीतून हत्ती शोधू लागली. डोळे भरून आले, पण ओळीतला एक शब्द वाचता येईना.

"बोट ठेव ना गं. त्याशिवाय ओळ कशी सापडेल?"

सपना आईकडं बघू लागली.

जमुनाला आता उमगलं. मेलं माझं शहाणपण! रोज पोरीला समोर बसवलं आणि आपणच तिला वाचू दिलं नाही. "बाई, तिची चूक नाय. मीच हात लावू देत नाय," ती कशीबशी म्हणाली.

मग तिनं सपनाचा हात पाठीमागून ओढला. पोरीला वाटलं, आता बसणार धपाटा. आमटीनं पिवळं झालेलं ते बोट जमुनानं पहिल्या अक्षरावर टेकवलं.

"आये, डाग पडला!"

"पडू दे. वाच तू."

बोट एकेका अक्षरावरून सरकलं. "ए... एक... हो... होती... मुं... मुंगी."

जमुना हसली की रडली, तिचं तिलाच कळलं नाही.

"बाई गं, मुंगी पन हाय ह्यात? मग पुढं? पुढं काय झालं तिचं?"