बारक्यांचं पांघरूण

"पोटं टम्म भरलीयेत," मायक्रोस्कोपवरचा डोळा न काढता माशांची डॉक्टर म्हणाली. "आणि तरी उपाशी मरतायत."

"डॉक्टर, दोन्हीतलं काहीतरी एक सांगा," वहिनी म्हणाली. हसवायला बोलली होती, पण आवाज कापत होता.

कापणारच. आम्ही माशांची पिल्लं वाढवून विकतो. म्हणजे मालक विकतो, आम्ही वाढवतो. अंड्यातून निघालेल्या पिल्लाला सुरुवातीला जिवंतच खाणं लागतं, आणि ते वहिनीच्या खोलीत पिंपांमध्ये तयार होतं. समुद्रातले जीव, तिळाहून बारीक, टुणटुण उड्या मारत पोहणारे. पुस्तकात त्यांना प्राणिप्लवक म्हणतात, आम्ही बारकी म्हणतो. अख्खा समुद्र यांच्या जिवावर जेवतो. पण देवमाशाचा फोटो लावायला सगळे पुढे, यांना कुत्रं विचारत नाही.

त्या थंडीत बारक्यांची अंडी घटत गेली. मग बारकीच मरायला लागली. मालकाने सांगून टाकलं, शनिवारपर्यंत सुधारलं नाही तर खोली बंद, डब्यातली पावडर आणू. पावडर ढवळायला वहिनी कशाला लागते? दादाची कंबर गेल्यापासून घर तिच्यावरच होतं. पण खरं सांगतो, तिची झोप नुसत्या नोकरीने उडाली नव्हती. ती बाई पिंपांशी बोलायची. "जेवलात का रे पोरांनो?" म्हणून रोज विचारायची.

पहिला संशय अर्थातच माझ्यावर. मी तिचा दीर. समुद्राचं पाणी ओढणारा पंप आणि गाळण्या माझ्या ताब्यात.

"भावजी, तुमच्या गाळण्या म्हणजे नुसता देखावा. बैल जाईल त्यातून."

"अडकला होता एक, वहिनी. कालच काढला."

एरवी ती हसली असती.

डॉक्टर बाजूला सरकली. "बघा."

मी डोळा लावला. काचेसारखं अंग, आरपार दिसणारं. आतड्यात एक धागा गुंडाळी करून बसलेला. जांभळा. शेजारच्या बारक्याच्या पोटातही तसलाच.

"प्लॅस्टिकचा आहे," डॉक्टर म्हणाली. "अन्न समजून गिळतात. त्याने पोट अडतं, मग खरं अन्न खाणं कमी होतं. अंगातच काही नाही, तर अंडी कुठून घालणार?"

मी मान वर केली आणि तोच रंग समोर दिसला. पिंपांभोवती गुंडाळलेलं, काठावरून आत दुमडलेलं, मऊ केसाळ ब्लँकेट. थंडी पडली तेव्हा वहिनीने मालकाकडे हीटर मागितला होता. मागून मागून तोंड दुखलं. मालकाचं आपलं "बघू". शेवटी तिने घरातली ब्लँकेटं आणली, स्वतःच्या अंगावरचीसुद्धा. रोज सकाळी ती काढायची, तिथेच पिंपांवर झटकायची आणि पुन्हा लहान मुलाला गुंडाळावं तशी गुंडाळायची.

असली ब्लँकेटंही प्लॅस्टिकचीच असतात हे आम्हाला कुणी सांगितलं होतं? दुकानदाराने लोकर म्हणून विकली, आम्ही लोकर म्हणून पांघरली.

तुझ्या मायेनेच बारकी मेली, हे तिला कुठल्या तोंडाने सांगणार? तेवढ्यात मालक आत आला.

"काय निघालं?"

"गाळणी," मी म्हणालो. "माझी गाळणी फाटली होती."

"भावजी, गप्प बसा."

वहिनी मायक्रोस्कोपवर वाकली होती. कधी वाकली ते मला कळलंच नव्हतं. ती उठली, पिंपापाशी गेली, हलक्या हाताने ब्लँकेट सोडवलं आणि दाराबाहेर नेऊन टाकलं.

"माझं आहे ते," परत येऊन म्हणाली. "मीच मारलं त्यांना. पण हौसेने गुंडाळलं नव्हतं, मालक. हीटर तुमच्याकडेच मागितला होता."

मालकाचं तोंड लाल झालं. डॉक्टर मध्ये पडली. "कोपऱ्यातल्या पिंपाला पांघरूण नव्हतं ना? धागे त्यातल्यांच्याही पोटात आहेत. कमी आहेत, पण आहेत. पांढरे, काळे, हिरवे. ते समुद्रातूनच आलेत."

ते कुणाचे? घरोघरी असल्याच धाग्यांचे कपडे धुतले जातात, मोरीतून पाणी वाहून जातं आणि आपण हात झटकून मोकळे. वहिनीने निदान आपला धागा ओळखला. बाकीच्यांपैकी कुणी माईचा लाल येऊन म्हणणार आहे का, की हा हिरवा माझ्या शर्टाचा?

"बंद करा ही खोली," मालक म्हणाला. "आजच."

"शनिवार म्हणाला होतात. आज गुरुवार आहे." वहिनीने पिंपात बुडबुडे सोडणारी हवेची नळी बंद केली. "जिवंत असतील तेवढी निवडून घेते. भावजी, खिडक्यांच्या झडपा लावा. मालक, मोबाइलची बॅटरी लावा आणि या काठाशी धरा."

मालकाने ती का धरली, देव जाणे. वहिनीचा आवाजच तसा होता.

जिवंत बारकं उजेडाकडे येतं. मेलेली आणि धागे तळाला बसतात. आम्ही अंधारात वाकून बघत राहिलो. पाणी नुसतंच पाणी. मग एक ठिपका उडी मारून उजेडात आला. थांबला. पुन्हा उडी. त्याच्यामागे आणखी काही, आणि मग काठाशी भुरकट ढग जमायला लागला.

"हात हलवू नका. दमलीयेत ती."

"नाही हलवत," मालक कुजबुजला.

वहिनी बारीक नळीने तो ढग स्वच्छ पिंपात ओढत होती. येणाऱ्यांतल्या काहींच्या पोटात धागा असणारच, पण आली होती. ओंजळभर पाण्यात मावतील एवढीच.

"एवढ्याने काय होणार?" मालकाने विचारलं.

"खाणं मिळालं, ऊब मिळाली, तर वाढतील. नाहीतर ही रात्रसुद्धा काढायची नाहीत."

उजेड जराही न हलवता मालकाने दुसरा हात खिशात घातला, गाडीची किल्ली काढली आणि माझ्यापुढे धरली.

"चांगला हीटर आण," तो म्हणाला. "आणि लवकर ये, माझा हात अवघडलाय."