डोहाळजेवणाची मोटार

युद्धग्रस्त मातांच्या पोषणावर राष्ट्रीय चर्चासत्र भरवायचे, तर निदान एक युद्धग्रस्त माता सभागृहात असावी, हे प्राचार्या डॉ. सत्यभामाबाईंना निमंत्रणपत्रिका छापून झाल्यावर सुचले. विद्वत्तेचा हा क्रम आपल्याकडे रूढच आहे: आधी निष्कर्ष, मग विषय, आणि वेळ उरलाच तर माणूस.

छत्रपती संभाजीनगरात युद्ध नसल्यामुळे शोधाशोध करावी लागेल, अशी भीती होती. ती व्यर्थ ठरली. या शहरात शिकायला येणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यांची परंपरा जुनी आहे, आणि त्यांचे देश एकामागून एक पेटत गेल्याने पुरवठ्यात खंड पडलेला नाही. सहायक प्राध्यापक प्रणय यांनी सुदानची इब्तिसाम शोधून काढली. नवरा संशोधक विद्यार्थी, तिला सातवा महिना, अंगात रक्त कमी.

"अगदी आदर्श," सत्यभामाबाई म्हणाल्या.

अडचण एकच होती. नेमक्या त्याच दिवशी इब्तिसामला सरकारी दवाखान्यात शिरेतून लोहाची बाटली लावायची होती. आधीची तारीख व्हिसाच्या धावपळीत हुकली होती. हीही हुकवलीस तर बाळंतपण निभावणार नाही, असे डॉक्टरीणबाईंनी तिला सोप्या हिंदीत बजावले होते; आणि बाटल्या लावण्याचा विभाग दुपारी बंद होत असे. प्रणय यांनी शब्द दिला: सकाळी उद्घाटन, लगोलग प्रतीकात्मक डोहाळजेवण, आणि नंतर महाविद्यालयाची मोटार थेट दवाखान्याच्या दारात. नवऱ्याला त्या दिवशी पुन्हा व्हिसाच्या रांगेत उभे राहणे भाग होते, म्हणून सोबतीला घरमालकीण सरूबाई आली. इब्तिसामला इथली हिंदी तिनेच शिकवली होती. त्यामुळे त्या हिंदीत व्याकरण बेताचे आणि जीव पुष्कळ होता.

व्यासपीठावर झेंडूने मढवलेला झोपाळा होता. इब्तिसामच्या अंगावर हिरवी साडी चढवली गेली, डोक्याच्या रुमालावर मोगऱ्याची वाडी बांधली गेली. समोर चौरंगावर सत्यभामाबाईंच्या लग्नातले चांदीचे ताट: पुरणपोळी, भाताच्या मुदी, भरली वांगी, तिळाचे लाडू. सकाळपासून उपाशी असलेल्या इब्तिसामने लाडवाकडे हात नेला तेव्हा प्रणय यांनी तो अत्यंत आदरपूर्वक मागे सारला. पहिला घास प्रमुख पाहुणे भरवणार होते.

प्रमुख पाहुणे वाळूजला एका कारखान्याच्या उपाहारगृहाचे उद्घाटन करत होते, आणि त्यांना आणायला महाविद्यालयाची एकुलती एक मोटार गेली होती.

"जेवण पोटुशीचं अन् वाट पाव्हण्याची," सरूबाई पहिल्या रांगेतून म्हणाली. "हे नवंच डोहाळजेवण."

"थोडा धीर धरा, ताई. साहेब निघालेत."

"निघालेत म्हंजी जेवायला बसलेत. मला म्हाईत नाय व्हय."

वेळ रिकामा जाऊ नये म्हणून प्रा. पुंडलिक यांचा शोधनिबंध मध्येच उरकण्यात आला. संघर्षग्रस्त प्रदेशांत शेंगदाण्याच्या पेंडीवर तग धरणाऱ्या गर्भवतींच्या प्रथिनसेवनाचे त्यांनी विवेचन केले. पेंड हा दुर्लक्षित, स्वस्त आणि आश्वासक आहार आहे, हा त्यांचा निष्कर्ष. पडद्यावर पेंडीच्या ढेपेचे रंगीत चित्र आले. तोवर झोपाळ्यावरून उतरून इब्तिसाम सरूबाईशेजारी येऊन बसली होती. चित्र पाहून ती हळूच म्हणाली, "ये मेरी बहन खाती थी. पेट से थी तब."

"पेंड?" सरूबाई म्हणाली. "आमच्या म्हशीबी रुसतेत तिच्यावर. फिर?"

इब्तिसाम पडद्याकडे बघत राहिली. "फिर कुछ नहीं."

प्रा. पुंडलिक यांना टाळ्या पडल्या. श्रोत्यांतून एकच प्रश्न आला, तो चहासंबंधी होता.

साहेब अजून आले नव्हते. घड्याळ दुपारकडे सरकत होते. इब्तिसामने दोनदा मोटारीची चौकशी केली, आणि दोन्ही वेळा तिला पाण्याची बाटली देण्यात आली. अखेर प्रणय यांनी तिला पुन्हा झोपाळ्यावर बसवले आणि ध्वनिक्षेपक तिच्या तोंडाशी धरला. डोहाळजेवणात पोटुशीला डोहाळे विचारतात. ती सांगते आणि घरचे पुरवतात. प्रथेचा पूर्वार्ध तरी पार पाडावा, असे त्यांनी ठरवले होते.

"ताईंना कसले डोहाळे लागले आहेत?"

इब्तिसाम स्पष्ट म्हणाली, "मेरेकू दवाखाने जाना. गाडी कब आती?"

जिथे भाजीवाल्यापासून कुलगुरूपर्यंत सगळे हीच हिंदी बोलतात, अशा शहरातले ते सभागृह होते. न समजलेला एकही माणूस तिथे नव्हता. तरीही प्रणय यांनी प्रमाण मराठीत भाषांतर केले: "ताई म्हणतात, त्यांना विश्वशांतीचे डोहाळे लागले आहेत."

टाळ्यांचा कडकडाट झाला. सत्यभामाबाईंनी डोळे टिपले.

सरूबाई उठली आणि व्यासपीठावर चढली. "सर, डोहाळा इचारला की पुरवावा लागतो. नाय तर लेकराचे कान फुटतेत. इश्वशांती कुठं मिळती ते मला नाय ठावं. दवाखाना ठावं हाय." तिने आपल्या पिशवीतली ओढणी ताटाभोवती गुंडाळली, गाठ मारली आणि ताट कमरेवर घेतले. "चल गं."

"अहो, साहेबांनी घास भरवलेला नाही अजून," सत्यभामाबाई म्हणाल्या.

"मी भरवते की. हात धुतलेले हायेत माझे."

रिक्षा दवाखान्यापाशी पोहोचली तेव्हा सिस्टर विभागाच्या दाराला कुलूप घालत होत्या. समोर हिरवी साडी, मोगऱ्याची वाडी आणि कमरेवर ओढणीत बांधलेले ताट पाहून त्या थबकल्या.

"लग्नाला आलात का इथं?"

"डोहाळजेवण अर्धं टाकून आलोय, बाई. उरलेलं तुमच्या हातून व्हायचंय."

सिस्टर पुटपुटल्या, उशिरा येणाऱ्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला आणि कुलूप काढले.

इकडे साहेब आले. कार्यक्रम अडला नाही. राष्ट्रीय कार्यक्रम माणसांवाचून अडत नसतात. गृहशास्त्र विभागाची अविवाहित विद्यार्थिनी सोनिया हिला पोटाशी उशी बांधून झोपाळ्यावर बसवण्यात आले. ताट नव्हते, म्हणून साहेबांनी रिकामी चिमूट तिच्या तोंडाशी नेली आणि तिने कॅमेऱ्याकडे पाहत आ वासला. युद्धग्रस्त मातेला आपण आजवर जे भरवत आलो, त्याचे इतके प्रामाणिक छायाचित्र दुसरे नसेल.

सलाईनचे थेंब पडत होते आणि इब्तिसाम मोकळ्या हाताने पुरणपोळी खात होती, तेव्हा प्रणय यांचा फोन आला. तो सरूबाईने घेतला.

"ताई, ते ताट चांदीचं आहे. मॅडमच्या लग्नातलं."

"मग?"

"मॅडम फार अस्वस्थ आहेत."

"मग गाडी धाडा," सरूबाई म्हणाली. "दवाखान्याच्या दारात."

मोटार निघाली. वाटेत कुठलेही उद्घाटन आडवे आले नाही. बाटली संपायच्या आत ती दारात उभी होती. बाटली संपल्यावर दोघी बाहेर आल्या, तेव्हा मागचे दार उघडून प्रणय यांनी ताटासाठी हात पुढे केले. सरूबाईने आधी इब्तिसामला आत बसवले, तिच्या मांडीवर ताट ठेवले आणि शेजारी स्वतः बसली.

"आधी घर," ती चालकाला म्हणाली. "ताट तिथं घासून देते."