सहा कोपऱ्यांचा नट

रविवारी संध्याकाळी पाच वाजून दहा मिनिटांनी फुलचंद भंगारवाल्यानं मैत्रेयीची स्कूटर नेली.

हे वाक्य चुकून पुढं आलं. वाचलंच नाही असं समजा. फुलचंदनं काहीही नेलेलं नाही. सकाळचे अकरा वाजलेत, स्कूटर अंगणात आहे आणि मैत्रेयी मागच्या चाकापुढं उकिडवी बसून एका नटाकडं बघते आहे. नटही तिच्याकडं बघतो आहे.

तीन वर्षं ही गाडी अंगणात उभी होती. डिकीत कोंबडी अंडी घालायची. दोन महिन्यांत मैत्रेयीनं मोबाईलवर बघून बघून कार्बोरेटर धुतला, उंदरांनी खाल्लेल्या वायरी जोडल्या आणि कोंबडीला दुसरीकडं जागा दिली. इंजिन सुरू झालं. फक्त मागचं चाक ब्रेकसकट जाम होतं. ते काढायला एकच नट, बावीस नंबरचा, खोल वाटीत बसलेला आणि गंजून लोखंडाशी नातं जोडलेला. गावात बावीसचा पाना एकच होता आणि तो गेल्या उन्हाळ्यात एका बोअरवेलमध्ये पडला होता. यवतमाळच्या गॅरेजवाल्यानं बुधवारी यायला सांगितलं होतं.

बुधवार उपयोगाचा नव्हता. सोमवारी सकाळी सहाला तिला लोहाऱ्याच्या एमआयडीसीत पॅकिंगच्या कामावर उभं राहायचं होतं. अंतर चौदा किलोमीटर, गावातून पहिली बस सव्वासातला. सहाला नाही दिसली तर यादीतली पुढची मुलगी घेणार, असं सुपरवायझरनं हसत हसत सांगितलं होतं. हसत सांगितलेलं जास्त खरं असतं.

तिचे वडील देवराव यांनी फुलचंदला आधीच शब्द दिला होता. "आज पाचपर्यंत नट निघाला तं गाडी तुझी," ते मैत्रेयीला म्हणाले. "नाही तं फुलचंदची. आन पाना घेशील तं असाच घेऊ नको. मडकं वाजवून घ्याव, पाना लावून घ्याव."

पाना लावून घ्यायचा तर गाडीच दुकानात न्यायला हवी, आणि चाक फिरत नसल्यामुळं ती ढकलणं शक्य नव्हतं. तेव्हा दारातच मालवाहू ऑटो लावून बसलेला फुलचंद म्हणाला, "ताई, मी नेतो ना दुकानापर्यंत. नट निघाला तं तुह्यं नशीब. नाही निघाला तं मले परत इकडं यायचं डिझेल वाचते."

अशा रीतीनं स्कूटर, तिची मालकीण आणि तिचा वारस एकाच ऑटोतून यवतमाळला निघाले. ऑटोवरचा भोंगा 'टूटा-फूटा, लोहा-प्लास्टिक' ओरडत होता. तो बंद होत नव्हता. बटण फुलचंदनंच भंगारात विकलं होतं.

पहिला थांबा बाजारातली ताडपत्री. तिच्यावर पाने, पक्कड, हातोड्या मेथीच्या जुड्यांसारख्या रचलेल्या.

"साठ रुपये. लोखंड हाय लोखंड," विक्रेता म्हणाला.

"गॅरंटी?"

"ताडपत्री उचलेपर्यंत."

मैत्रेयीनं ऑटोत चढून पाना नटावर बसवला आणि जोर लावला. काहीतरी हललं. पण हलला होता पाना. त्याचं तोंड जांभई दिल्यासारखं फाकलं आणि जाता जाता त्यानं नटाचे दोन कोपरे गुळगुळीत केले.

फुलचंदनं वाकून पाहिलं. "चार रायले," तो हळहळत म्हणाला. हळहळ चांगली जमली होती.

सव्वाबारा वाजले. आता चुकायचं नाही, मोठ्याच दुकानात जायचं, असं तिनं ठरवलं. कमलाकरशेठचं हार्डवेअरचं दुकान काचेचं होतं. काउंटरवर पाटी होती: विकलेला माल परत घेतला जाणार नाही. दुकान तीनपर्यंत जेवणासाठी बंद होतं, म्हणून पावणेतीन तास तिघांनीही, म्हणजे नटानंही, सावलीत काढले.

"हा घ्या, चारशे ऐंशी," कमलाकरशेठ म्हणाले. पान्यात तोंड दिसत होतं. "पण आधी तो भोंगा बंद करा. माझी गिऱ्हाइकं घरचं भंगार आणायला निघालीत."

"लावून पाहू काय? परत तर घेत नाही तुम्ही."

"अवश्य. पण ओरखडा पडला तर तुमचा."

तिनं गमछा गुंडाळून पाना लावला. ओरखड्याला भिऊन तो अर्धाच बसला आणि गमछ्यावरून सटकला. टक्. टक्. टक्. तीन कोपरे गेले. पान्याला काही झालं नव्हतं. तो चमकत होता.

"बघा, क्वालिटी," कमलाकरशेठ म्हणाले आणि पाना परत डब्यात ठेवला.

तेवढ्यात देवरावांचा फोन आला. तिनं खरं ते सांगितलं.

"मडकं वाजवून घ्याव म्हनलं होतं, पोरी," देवराव म्हणाले. "फोडून नाही."

नटाला आता एक कोपरा होता. एका कोपऱ्याच्या वस्तूला काय म्हणतात हे तिला शाळेत शिकवलं नव्हतं. चार वाजत आले होते. फुलचंदनं डिकी उघडून, हात घालून आतल्या बाजूचा पत्रा चाचपला. त्याचं बोट अजून न घेतलेल्या गाडीवरून फिरत होतं.

"काहून हात लावून राह्यला?"

"नाही ताई, कोंबडी राह्यली काय पायतो."

शेवटचा थांबा एमआयडीसीच्या फाटकासमोर. तिथं रुपीबाईचं टपरीवजा दुकान होतं. कारखान्यांतून निघालेली जुनी हत्यारं ती विकायची. काळी, तेलकट, नावं पुसलेली. एकही चमकत नव्हतं. दुकानाच्या चौकटीला एक जाडजूड बोल्ट वेल्डिंग करून बसवलेला होता आणि त्यावर गंजका नट.

"पाना पायजे? एकशेवीस. त्या नटावर लावून पाय," रुपीबाई म्हणाली.

मैत्रेयीनं बंद कडीचा रिंग पाना लावला, लटकली, सगळं वजन टाकलं. पाना तसूभर वाकला नाही. असा पाना तिनं आयुष्यात हातात धरला नव्हता. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, पण तेलाच्या हातानं पुसता येईना.

"तुहा नट कुठं हाय?"

तिनं ऑटोकडं बोट दाखवलं. रुपीबाई चढली, वाटीत बॅटरी मारली, बराच वेळ आत पाहत राहिली.

"छोरी, यावर किती पाने तपासले?"

"दोन."

"आपल्या दुखत्या दातावर कोनी अडकित्ता तपासते काय?" रुपीबाई खाली उतरली. "म्हनून तं मी दारात नट लावला. लोकायनं आपला नट घरी ठेवाव, माझा झिजवाव. छन्नी मारली असती, पन वाटीत जात नाही. एक कोपरा हाय. रिंग लाव, मी वरून ठोकतो. जोर एकदाच लावजो. दुसऱ्यांदा नाही."

चार पन्नास. फुलचंद मोबाईल हातात धरून उभा होता. रुपीबाईनं हातोडीनं रिंग नटावर चेपून बसवली. मैत्रेयीनं जोर वाढवायला पान्याच्या दांड्यावर नळी चढवली, पाय ऑटोच्या फळीला रोवले. भोंगा वर 'लोहा-प्लास्टिक' म्हणत होता. तिनं श्वास घेतला आणि ओढलं.

करकर आवाज झाला. नट हलला. केसभर, पण हलला. रुपीबाईनं मान हलवली, फुलचंद मोबाईलकडं बघायचं विसरला, मैत्रेयीनं आणखी ओढलं.

आणि पाना फिरला. एकटाच. गोल, सहज, लोण्यात फिरावा तसा.

पान्यावर साधा ओरखडाही नव्हता.

पाच वाजता देवरावांनी फोनवर विचारलं, "निघाला?"

"नाही, बाबा."

"घेऊन जाऊ दे मंग त्याले," ते म्हणाले, आणि फोन ठेवायचाच विसरले. अंगणातली कोंबडी ऐकू येत राहिली.

पाच दहाला ऑटो गेला. तेव्हाचं मघाशी चुकून सांगून झालंच आहे.

मैत्रेयीनं पाना विकत घेतला. रुपीबाईला वाटलं पोरगी भ्रमली. "आता कायले?" तिनं विचारलं. मैत्रेयीलाही नीट सांगता आलं नाही. पाना चांगला होता, एवढंच. मग ती टपरीच्या पायरीवर बसली आणि पाना गुंडाळलेला कागद मांडीवर सपाट करून लिहू लागली.

प्रति,
मा. प्रमुख साहेब,
नटांची मापे ठरविणारे कार्यालय (असल्यास).

विषय: नटास सातवा कोपरा मंजूर करणेबाबत.

महोदय,
अर्जदार उद्या सकाळी सहा वाजता मौजे लोहारा येथे कामावर हजर होणार होती. तथापि योग्य पाना सापडेपर्यंत नटाचे सहाही कोपरे तपासणीत खर्ची पडले. यात पान्याचा दोष नाही, दुकानदाराचा नाही, अर्जदाराचा थोडा आहे. तरी यापुढे प्रत्येक नटास सातवा कोपरा राखीव म्हणून देण्यात यावा, व सदर आदेश अर्जदाराच्या नटास पूर्वलक्षी प्रभावाने, आज सायंकाळी चार वाजून पन्नास मिनिटांपासून, लागू करण्यात यावा, ही नम्र विनंती.