हौद्याच्या काठावरच्या पट्ट्या

वर्लिन डोलेझालने आपल्या जुन्या ट्रकच्या हौद्याच्या दोन्ही काठांवर काळ्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या बसवल्या, तेव्हा सहकारी दुकानातल्या कॉफीच्या टेबलावर त्याचं कौतुकच झालं.

"म्हातारीला काजळ घातलंस की रे," ग्लेन म्हणाला.

वर्लिन हसला. पट्ट्यांखाली काय आहे ते त्याला ठाऊक होतं आणि त्याच्या बायकोला, आर्डिसला. तिसऱ्या कुणाला कळू नये म्हणून तर पट्ट्या होत्या.

ट्रक त्याने मरणाच्या दारातून ओढून आणला होता. मागच्या बाजूला जोडचाकं, म्हणजे एकूण सहा, असला तो दणकट डिझेलचा ट्रक कुणाच्या तरी गवतात वर्षानुवर्षं सडत पडला होता. उंदरांनी वायरी खाल्लेल्या, ब्रेकच्या नळ्या बोटाने दाबल्या तर चुरा व्हायच्या. अख्खा हिवाळा वर्लिन शेडमध्ये त्याच्याखाली आडवा होता. नळ्या बदलल्या, मागच्या स्प्रिंगांच्या कमानींत एकेक पोलादी पान वाढवलं, गिअरबॉक्सचं तेल थंड ठेवायला पुढे वेगळी जाळी बसवली, गुडघ्यापाशी कॅम्परच्या, म्हणजे ट्रकमागे ओढायच्या चाकांवरच्या घराच्या, ब्रेकचं बटण आणलं. जोडचाकातल्या आतल्या चाकापर्यंत हवा भरायला हात पोचत नाही, म्हणून लांब नळ्याही काढून दिल्या. काम चोख होतं, यात वाद नाही. वाद होता तो वर्लिनच्या तोंडाबद्दल. एवढं काम तोंड मिटून करणं त्याला जमायचं नाही.

"माझ्या हातून सुटलेला नट अजून जन्माला यायचाय," तो टेबलावर सांगायचा. एकेकजण फासे टाकायचा, हरला तो सगळ्यांच्या कॉफीचे पैसे द्यायचा, आणि वर्लिनचं आख्यान चालू राहायचं.

मार्चमध्ये त्याने ट्रक पहिल्यांदा गावातून फिरवला. नेब्रास्काच्या त्या भागात समोरून येणाऱ्या गाडीला स्टिअरिंगवरून एक बोट उचलून रामराम करतात. ओळख लागत नाही. परगावचा औषधविक्या असो की वाट चुकलेला, बोट उचलायचंच. त्या दिवशी मात्र लोकांनी बोटाऐवजी अख्खा पंजा उचलला, आणि वर्लिनची छाती फुगून शर्टाची बटणं ताणली गेली.

हा सगळा खटाटोप होता कॅम्परसाठी. आणि कॅम्पर होता लायलचा.

लायल नोवोत्नी म्हणजे आर्डिसचा धाकटा भाऊ, वर्लिनचा मेहुणा. मितभाषी माणूस. कॅम्पर त्याच्या बायकोचा, जोलीनचा जीव की प्राण होता. पडदे तिने शिवलेले, आतला चिमुकला ओव्हन तिचा. तळ्याकाठी त्यात कोलाचे, म्हणजे फळांचा गर भरलेले गोड पाव, भाजून ती शेजारच्या तंबूंतून वाटायची. असले मोठे कॅम्पर मागच्या हुकाला लावत नाहीत. कॅम्परच्या नाकाखाली एक जाड लोखंडी खुंटा असतो, तो ट्रकच्या हौद्यात बसवलेल्या जोडाच्या जबड्यात शिरतो. जोडाच्या बाजूचा दांडा आत गेला की जबडा मिटला. तरी कुणी त्यावर विसंबत नाही. कॅम्परचे पुढचे पाय जमिनीवर असतानाच त्याचे ब्रेक धरायचे, ट्रकला पुढे एक हिसका द्यायचा आणि जबडा सुटत नाही ना ते बघायचं. हिसका दिल्याशिवाय पाय उचलणाऱ्या माणसाला तिथे खुळा समजतात.

गेल्या उन्हाळ्यात तळ्यावरून निघताना लायलचा कॅम्पर पहिल्याच वळणावर सुटला आणि त्याच्या ट्रकच्या हौद्याच्या काठांवर धबाककन आदळला. घडीच्या खुर्च्या टाकून बसलेलं अख्खं तळं बघत होतं.

"मी हिसका दिला होता," लायल म्हणाला.

"स्वप्नात दिला असशील," वर्लिन म्हणाला, आणि तळं हसलं.

बस्स, वर्लिनला वर्षभराचं खाद्य मिळालं. त्याने लायलचं नाव 'धबाक' ठेवलं. लायल दुकानात आला की तो टेबलावर मूठ आपटायचा, कप नाचायचे, सगळे खिदळायचे. "धबाक, दार लावलंस का? की हिसका देऊन बघू?" लायलही हसायचा. सुरुवातीला म्हणायचा, मी दिला होता रे. पुढे ते म्हणायचं त्याने सोडलं. शरद ऋतूत त्याने कॅम्पर विकायला काढला, आणि घेतला कुणी, तर वर्लिनने. सोबत हौद्यातला जोडही घेतला. काळा रंग दिलेला, चकचकीत जोड. वर्लिनने ट्रकचा इंच न् इंच उकलला, पण जोड तेवढा तसाच बसवला. त्याला कशाला उकलायचं? चूक लायलची होती, हे तर त्यानेच गावाला पटवलं होतं.

एप्रिलमध्ये एका दुपारी त्याने घरच्या अंगणात कॅम्पर जोडून पाहिला. आर्डिस मागे उभी राहून हातवारे करत होती. दांडा आत गेला. वर्लिनने ब्रेक धरले आणि हिसका दिला, एकदा सोडून दोनदा. घट्ट. पाय उचलले. फाटकापाशी वळण घेतलं आणि धबाक!

वर्लिन खाली उतरला. कॅम्परचं नाक हौद्याच्या काठांवर रुतून बसलं होतं.

"तू हिसका दिला होतास," आर्डिस म्हणाली. "मी पाहिला."

"हो ना."

"लायलही हेच म्हणत होता."

वर्लिनने त्याच दिवशी जोड उकलला. जबड्याची आतली कड झिजून गुळगुळीत झाली होती. दांडा पूर्ण आत जायचा, बाहेरून सगळं मिटलेलं दिसायचं, सरळ ओढलं तर धरायचंही. वळणावर तिरका ताण आला की खुंटा वर सरकून सुटायचा. ब्रह्मदेवाने हिसका दिला असता तरी कळलं नसतं. लायलची काडीचीही चूक नव्हती.

त्याच्या कानांच्या पाळ्या तापल्या. शेडमध्ये कुणी नव्हतं तरी त्याने मान खाली घातली.

"त्याला सांगशील ना?" जेवताना आर्डिसने विचारलं.

"सांगतो की."

पण सांगायचं म्हणजे आधी स्वतःचा कॅम्पर पडल्याचं सांगायचं. ज्या टेबलावर इतके महिने मूठ आपटली, त्याच टेबलावर. उद्या सांगू, म्हणता म्हणता त्याने नवा जबडा मागवून बसवला, काठ हातोडीने होतील तेवढे सरळ केले, जे झाले नाहीत त्यांच्यावर पट्ट्या चढवल्या. जुना जबडा फेकून द्यायला तो दोनदा कचऱ्याच्या पिंपापाशी गेला आणि दोनदा परत आला. शेवटी तो खिळ्यांच्या डब्यात गेला. टेबलावर इतरांनी लायलला धबाक म्हटलं की वर्लिन आता कपात बघायचा. मूठ आपटणं त्याने सोडलं होतं, आणि तेवढ्यावर आपण सुधारलो अशी स्वतःची समजूतही घालून घेतली होती. माणूस स्वतःला स्वस्तात सोडतो.

जूनच्या अखेरीस आर्डिस जोलीनकडून घरी आली ती ओट्यापाशी पर्स हातात घेऊन तशीच उभी राहिली.

"लायल गाडी चालवत नाही आताशा. जोलीन चालवते, तो शेजारी बसतो."

"पाहिलंय मी. गुडघा दुखत असेल."

"गुडघा नाही." तिचा आवाज शांत होता, आणि वर्लिनला तिचा आरडाओरडा परवडला असता. "आमचे बाबा शेवटी कसे झाले होते, आठवतंय? गाईंना चारा घातला म्हणायचे, आणि गाई उपाशी. लायलला वाटतंय त्याचंही तेच सुरू झालं. हिसका दिल्याचं त्याला डोळ्यांसमोर दिसतंय, आणि सगळं गाव म्हणतंय दिला नाही. म्हणून कॅम्पर विकला त्याने. रात्री उठून शेगडी बंद आहे का बघतो, पुन्हा पुन्हा. तू सांगितलं नाहीस ना त्याला?"

वर्लिनने आपली बशी उचलून ओट्यावर ठेवली.

"मला वाटलं होतं सांगितलं असशील. एवढं तरी." तिने पर्स खाली ठेवली. "त्या ट्रकमध्ये मी बसायची नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी वर्लिन दुकानात पोचला तेव्हा टेबल भरलं होतं. लायल कडेला बसला होता. बाहेर जोलीन त्यांच्या ट्रकमध्ये स्टिअरिंगमागे विणत बसली होती.

"धबाक," मिलो म्हणत होता, "कप नीट ठेव बाबा, काठावरून पडेल."

लायल हसला आणि त्याने कप खरोखरच आत सरकवला. मग हात मागे घेऊन, सरकवला ना, म्हणून पुन्हा पाहिलं. ते वर्लिनने पाहिलं. हे आपण केलंय, दुसऱ्या कुणी नाही.

त्याने खिशातून जुना जबडा काढला आणि फाशांच्या शेजारी ठेवला.

"लायलच्या जोडातला आहे. आतली कड बघा."

ग्लेनने अंगठा फिरवला. "ही कड कुठाय? ही तर गेलीच."

"गेलीय. हिसका दिला तरी धरतो, वळणावर सोडतो. लायलने हिसका दिला होता. तो म्हणत होता ते शब्दन् शब्द खरं होतं." वर्लिनने खिडकीबाहेरच्या आपल्या ट्रककडे बोट दाखवलं. "माझाही पडला. अंगणात. त्या पट्ट्या त्याच्यासाठीच आहेत."

सगळे हसतील अशी त्याने तयारी केली होती. रात्रभर तेच हसू ऐकत तो जागा होता. पण कुणी हसलं नाही. मिलो फाशांकडे बघत राहिला.

लायलने जबडा हातात घेतला. उलटा केला, सुलटा केला, गुळगुळीत कडेवरून नख ओढलं.

"म्हणजे दिला होता मी," तो हळूच म्हणाला. ते वर्लिनला उद्देशून नव्हतं.

"दिला होतास."

"तुझा कधी पडला?"

एवढं एकच त्याने विचारायला नको होतं. कालच, असं म्हणायचा मोह वर्लिनच्या जिभेवर आला, अगदी टोकावर.

"एप्रिलमध्ये."

लायलने मान हलवली. "मे महिन्यात मी ओमाहाला डॉक्टरकडे गेलो होतो. डोक्याच्या. आठवण शाबूत आहे का बघायला त्यांनी मला घड्याळाचं चित्र काढायला लावलं. जोलीन शेजारी बसली होती. काटे काढताना माझा हात कापत होता."

"लायल, मला माफ..."

"थांब," लायल म्हणाला. रागाने नाही. त्याने टोपी घातली, जबडा खिशात टाकला आणि बाहेर गेला.

वर्लिन मागोमाग दारापर्यंत आला. लायल ट्रकच्या डाव्या, स्टिअरिंगच्या बाजूला गेला, काहीतरी बोलला. जोलीनने विणकाम मांडीवर टाकलं, तोंडावर हात ठेवला. मग ती पलीकडे सरकली आणि लायल कित्येक महिन्यांनी आपल्या जागेवर बसला. त्याने आरसा आपल्या उंचीला लावला, पट्टा बांधला, ट्रक मागे घेतला. हात स्थिर होता.

दुकानासमोरून जाताना त्याने समोरून येणाऱ्या दुधाच्या टँकरला बोट उचललं. रस्ता ओलांडणाऱ्या पाद्रीबाईंना उचललं. पंपावर उभ्या असलेल्या, परमुलखाची पाटी लावलेल्या गाडीतल्या माणसालाही उचललं.

वर्लिन पायरीवर उभा होता, हात छातीपर्यंत वर आलेला. ट्रक त्याच्या अगदी जवळून गेला. लायलने त्याच्याकडे पाहिलं, नीट, ओळखीने पाहिलं. त्याची दहाही बोटं स्टिअरिंगवरच राहिली.